ल्यूथरन उपासनेला पहिल्यांदा जाताना

जर्मनीत राहणाऱ्या मराठी माणसाला ल्यूथरन चर्चचं बोलावणं कधी ना कधी येतंच. सहकाऱ्याच्या मुलीचा बाप्तिस्मा असतो, घरमालकीणबाई नाताळच्या आदल्या संध्याकाळी "चला आमच्याबरोबर" म्हणतात, किंवा जुना जर्मन संगीतकार बाख ऐकता ऐकता हे संगीत मुळात कुठे वाजायचं ते बघावंसं वाटतं. आत गेल्यावर अडचण जर्मनची थोडी आणि क्रमाची जास्त होते. सगळे उभे राहतात तेव्हा आपण बसलेलो, सगळे बसतात तेव्हा आपण उभे, आणि पुस्तकात गीत सापडेपर्यंत त्याची दोन कडवी संपलेली.

कीर्तनात नमन कधी झालं, पूर्वरंग कुठे आटोपला आणि बुवांनी आख्यान कधी लावलं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला टाळी कधी धरायची ते विचारावं लागत नाही. ल्यूथरन उपासनेचंही तसंच आहे. क्रम एकदा अंगवळणी पडला की भाषा अर्धीमुर्धी कळली तरी भागतं. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. तो समजायला ख्रिस्ती असण्याची गरज नाही. मराठी ख्रिस्ती वाचकांना यातलं बरंचसं ओळखीचंही वाटेल, कारण आपल्याकडच्या अँग्लिकन वळणाच्या चर्चांमधली उपासनाही त्याच जुन्या पाश्चात्त्य मिस्सावर, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस असलेल्या मुख्य उपासनेवर, बेतलेली आहे.

आधी एक प्रश्न गाठीशी बांधा

५ ऑक्टोबर १५४४ रोजी टोरगाउच्या किल्ल्यातल्या चॅपलचं समर्पण झालं. त्या वेळच्या प्रवचनात जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने, ज्याच्यावरून या परंपरेला नाव पडलं, सांगितलं की या घरात दुसरं काही घडू नये: प्रभूने आपल्या वचनातून आपल्याशी बोलावं आणि आपण प्रार्थनेतून व स्तुतीतून त्याला उत्तर द्यावं, एवढंच. ल्यूथरन उपासनेची याहून चांगली व्याख्या मला माहीत नाही. म्हणून तासभर एकच प्रश्न मनात ठेवा: आत्ता कोण कोणाशी बोलतंय?

याची एक डोळ्यांना दिसणारी खूण आहे. जुन्या रीतीत पाळक (उपासना चालवणारे धर्मगुरू) वेदीकडे तोंड करून उभे असतील तर ते मंडळीच्या, म्हणजे जमलेल्या उपासकांच्या, वतीने देवाशी बोलत असतात. मंडळीकडे वळले की देवाच्या वतीने मंडळीशी. प्रार्थना वेदीकडे, शास्त्रवाचन, पापक्षमेची घोषणा आणि आशीर्वाद मंडळीकडे. अलीकडे अनेक ठिकाणी वेदी भिंतीपासून पुढे आणलेली असते आणि पाळक तिच्या मागे उभे राहतात, तेव्हा ही खूण पुसट होते. गंमत म्हणजे पाळकाने कायम लोकांकडे तोंड करावं ही कल्पना खुद्द ल्यूथरनेच १५२६ मध्ये मांडली होती आणि "त्याला अजून वेळ आहे" अशा अर्थाचं म्हणून सोडून दिली होती.

ल्यूथरने काय ठेवलं, काय काढलं

ल्यूथरने मिस्सा मोडून काढली हा समज चुकीचा आहे. १५२३ मध्ये त्याने लॅटिन मिस्साची सुधारलेली रूपरेषा लिहिली आणि १५२६ मध्ये जर्मन मिस्सा छापली. दोन्हींचा घाट जुनाच आहे. ल्यूथरनांच्या मूळ जाहीरनाम्याच्या, म्हणजे १५३० च्या ऑग्सबर्ग विश्वासपत्राच्या, २४ व्या कलमात तर "आम्ही मिस्सा बंद केली हा आरोप खोटा आहे" असं स्पष्ट म्हटलंय.

कात्री लागली ती एका जागी, पण नेमकी. भाकर आणि द्राक्षारस हा आपण देवाला वाहिलेला यज्ञ आहे असं सुचवणाऱ्या प्रार्थना त्याने काढून टाकल्या. त्याचं म्हणणं असं की इथे देणारा देव आहे आणि घेणारे आपण. आपणच देणारे झालो तर सगळं उलटं होतं. याच कारणाने, पूर्वी वेदीपाशी हळू आवाजात म्हटले जाणारे प्रभूचे शब्द ("हे माझं शरीर आहे" वगैरे) तो मोठ्याने, लोकांना कळतील असे म्हणायला लावतो. जे आपल्याला उद्देशून आहे ते पुटपुटायचं कशाला? आणि तोवर फक्त याजकाकडे राहिलेला प्याला सगळ्या मंडळीला मिळाला.

दुसरा बदल उत्तराच्या बाजूला झाला. पूर्वी उपासनेतलं उत्तर मुख्यतः गायकवृंद देत असे, ल्यूथरने ते लोकांच्या तोंडी दिलं. १५२४ मध्ये आठ गीतांची एक छोटी पुस्तिका निघाली, त्यातली चार त्याची स्वतःची. त्याच वर्षी त्याचा सहकारी संगीतकार योहान वाल्टर याचा बहुस्वरी गीतसंग्रह आला. आज वेदीच्या बाजूला लाकडी फळ्यावर गीतांचे जे आकडे दिसतात त्यांचं मूळ इथे आहे.

कुठल्या चर्चमध्ये जायचं

जर्मनीत बाहेरच्या पाटीवर नुसतं "एव्हांगेलिश", म्हणजे प्रोटेस्टंट, लिहिलेलं असेल तर आत पूर्ण ल्यूथरन क्रम मिळेलच असं नाही. बव्हेरिया, सॅक्सनी, हनोव्हर आणि हॅम्बुर्गसह उत्तरेकडचा पट्टा इथली प्रांतिक चर्चं ल्यूथरन आहेत. बर्लिन आणि फ्रँकफर्टकडची संयुक्त आहेत, म्हणजे ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड (स्विंग्ली-कॅल्व्हिनच्या वळणाची) परंपरा एकत्र आलेली. प्रशियात ही एकजूट १८१७ मध्ये राजाच्या पुढाकाराने झाली.

खरा चकवा स्टुटगार्टमध्ये आहे. व्यूर्टेंबर्गचं चर्च विश्वासाने ल्यूथरन, पण तिथली रविवारची उपासना मध्ययुगाच्या शेवटच्या साध्या प्रवचन-उपासनेच्या वळणाची. गीत, स्तोत्र, प्रार्थना, प्रवचन, आशीर्वाद, संपलं. पुढे वर्णन केलेले बरेच टप्पे तिथे सापडणार नाहीत. तेव्हा स्टुटगार्टकरांनी एखाद्या रविवारी न्यूर्नबर्ग किंवा म्युनिक गाठावं, फरक लगेच कळेल.

याशिवाय प्रांतिक चर्चांबाहेरची, स्वतंत्र ल्यूथरन मंडळ्यांची छोटी चर्चं आहेत. तिथला विधी बहुधा अधिक भरगच्च असतो, पण प्रभुभोजनाचे, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याचे, नियमही कडक असतात. त्याबद्दल पुढे.

पहिल्या भेटीसाठी नाताळची संध्याकाळ टाळा असं मी सांगेन. गर्दी असते, मुलांचं नाटक असतं, आणि क्रम छाटलेला असतो. त्यापेक्षा जून ते ऑक्टोबरमधला एखादा साधा रविवार बघा आणि मंडळीच्या पत्रकात किंवा संकेतस्थळावर "मिट आबेन्टमाल", म्हणजे प्रभुभोजनासह, असं लिहिलंय ना ते तपासा. ते नसेल तर अर्धीच उपासना बघायला मिळेल.

आत शिरताना

वेळ बहुधा सकाळी साडेनऊ किंवा दहाची. दहा मिनिटं आधी पोहोचा. घंटा वाजत असतात, त्या थांबल्या की ऑर्गन सुरू होतो आणि तो सुरू झाल्यावर मधल्या वाटेने चालत जाणं बरं दिसत नाही. कपडे नीटनेटके असले की पुरे. पुरुषांनी टोपी काढायची. चर्चमध्ये येण्याने कुणी सभासद होत नाही आणि चर्चचा करही लागत नाही. तो शहरात नाव नोंदवताना धर्माच्या रकान्यात काय लिहिलंय त्यावरून ठरतो.

दारातून गीतांचं पुस्तक उचला. त्याचं नाव "एव्हांगेलिशेस गेझांगबूख", १९९३ पासून टप्प्याटप्प्याने सगळीकडे लागू झालेलं. फळ्यावर ३६२ आणि बाजूला १-३ असेल तर ३६२ क्रमांकाच्या गीताची पहिली तीन कडवी गायची. हे ३६२ म्हणजे ल्यूथरचं सर्वांत प्रसिद्ध गीत, बायबलमधल्या ४६ व्या स्तोत्रावरून रचलेलं. सगळे आकडे बसल्याबसल्याच शोधून कागदाचे कपटे घालून ठेवा. उपासनेचा क्रम याच पुस्तकात छापलेला असतो, पण कुठल्या पानावर ते प्रांतागणिक बदलतं, शेजाऱ्याला विचारा.

बसायचं कुठे? पाचव्या-सहाव्या रांगेत, म्हणजे पुढच्यांकडे बघून उठता-बसता येतं.

आता वेदीवरच्या कापडाचा रंग बघा. हिरवा म्हणजे वर्षातले साधे रविवार. जांभळा म्हणजे आगमनकाळ (नाताळच्या आधीचे आठवडे) किंवा ईस्टरच्या आधीचे दुःखसहनाचे आठवडे. पांढरा ख्रिस्ताच्या सणांचा, लाल पेंटेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) आणि ३१ ऑक्टोबरच्या धर्मसुधारणा दिनाचा, काळा शुभ शुक्रवारचा. रंग नुसता शोभेचा नाही, काय गायचं आणि काय वगळायचं तेही त्याच्याशी जोडलेलं असतं.

सुरुवात: हाक

ऑर्गन थांबतो. पाळक (पाळकबाईही बऱ्याच भेटतील) पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने सुरुवात करतात. पुढे "डेअर हेअर झाय मिट ऑयश", प्रभू तुमच्याबरोबर असो. यावर मंडळीचं उत्तर: "उंट मिट डायनेम गाइस्ट". हे एक उत्तर पाठ करून जा, तासाभरात पुन्हा लागतं.

बव्हेरियासारख्या ठिकाणी इथेच सामूहिक पापकबुली होते आणि पाळक मंडळीकडे वळून क्षमेची घोषणा करतात. काही प्रांतांत ती प्रभुभोजनाच्या आधी येते, काही ठिकाणी नेहमी नसतेच. मग स्तोत्र, आळीपाळीने वाचलेलं: पुस्तकात ज्या ओळी थोड्या आत सरकवून छापल्या आहेत त्या मंडळीच्या.

पाठोपाठ "कीरिये एलेइसोन", प्रभो दया कर. हे शब्द ग्रीक आहेत, लॅटिन मिस्सातही ग्रीकच राहिले होते आणि ल्यूथरने ते तसेच ठेवले. त्यानंतर ग्लोरिया, बेथलेहेमच्या देवदूतांचं गाणं: "ऊर्ध्वलोकी देवाला गौरव". बऱ्याचदा त्याऐवजी निकोलाउस डेसियुसचं जर्मन गीत, क्रमांक १७९, गातात. जांभळ्या कापडाच्या दिवसांत ग्लोरिया गाळला जातो, आणि ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांत हालेलुयाही. तेव्हा "राहूनच गेलं वाटतं" असं समजू नका.

या भागात दिशा सतत बदलते: अभिवादन वरून खाली, विनवणी खालून वर, क्षमा पुन्हा वरून खाली. शेवटी एक आटोपशीर प्रार्थना होते, मंडळी आमेन म्हणते आणि बसते.

वचन

वाचनं दोन किंवा तीन असतात: जुना करार, प्रेषितांचं पत्र, शुभवर्तमान (येशूच्या चरित्रातला भाग). शुभवर्तमानाला सगळे उभे राहतात. कारण इथे ख्रिस्त बोलतोय असं मानतात, आणि धनी बोलत असताना बसून ऐकायचं नाही. त्याआधी हालेलुया.

उभ्याउभ्याच विश्वासाचा अंगीकार, म्हणजे आपण काय मानतो याचं ठरलेलं निवेदन. एरवी प्रेषितांचा म्हणून ओळखला जाणारा, मोठ्या सणाला नायसियाचा. ज्याचा हा विश्वास नाही त्याने शांत उभं राहावं. ओठ हलवण्याची सक्ती नाही आणि कुणी बघतही नाही.

मग प्रवचन, साधारण पंधरा-वीस मिनिटांचं. पाळक व्यासपीठावर चढतात आणि कृपा व शांतीचं अभिवादन करतात. प्रवचन कधी संपलं हे ओळखायची हमखास खूण म्हणजे फिलिप्पैकरांस पत्रातलं वाक्य: सर्व बुद्धीच्या पलीकडची देवाची शांती तुमची अंतःकरणं राखो. हे कानावर पडलं की गीताचं पान उघडा.

प्रवचन ऐकताना ल्यूथरन कान दोन गोष्टी वेगळ्या करतो: नियम आणि शुभवर्तमान. नियम म्हणजे काय करायला हवं होतं आणि ते जमलेलं नाही. शुभवर्तमान म्हणजे जे जमलं नाही ते ख्रिस्ताने तुमच्यासाठी केलं. नुसता उपदेश करून थांबलेलं प्रवचन कितीही चांगल्या भाषेत असलं तरी ल्यूथरन कसोटीवर अर्धवटच. जर्मन कच्ची असेल तर "फ्युर ऑयश", तुमच्यासाठी, हे दोन शब्द तेवढे पकडा.

विटेनबर्गच्या शहर-चर्चमधलं चित्रकार क्रानाखचं वेदीचित्र हेच दाखवतं. खालच्या पट्टीत ल्यूथर व्यासपीठावर, एक हात शास्त्रावर, दुसऱ्या हाताचं बोट मध्ये उभ्या क्रुसावरच्या ख्रिस्ताकडे, पलीकडे मंडळी. वरच्या तीन चित्रांत बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि पापकबुली. १५४७ पासून ते तिथे आहे. पुस्तकं वाचण्याआधी ते चित्र निवांत बघा.

बाखचं काम या भागाला धरून होतं. १७२३ ते १७५० तो लायप्झिगच्या थोमासकिर्शे या चर्चचा कांटोर, म्हणजे संगीतप्रमुख, होता. त्याच्या कांटाटा (गायक आणि वाद्यांसाठीच्या रचना) शुभवर्तमानाचं वाचन आणि प्रवचन यांच्या आसपास, त्याच रविवारच्या पाठावर भाष्य म्हणून गायल्या जात. १७१४ मध्ये वायमारला रचलेल्या आगमनकाळाच्या एका कांटाटाच्या, म्हणजे बाखच्या रचनासूचीतल्या (बीडब्ल्यूव्ही) ६१ व्या क्रमांकाच्या, मुखपृष्ठावर त्याने लायप्झिगमधल्या त्या रविवारच्या उपासनेचा क्रम स्वतःच्या हाताने टिपून ठेवलाय. नव्या नोकरीत कधी काय वाजवायचं याची आठवण म्हणून असावा. थोमानर, म्हणजे याच चर्चच्या मुलांचा गायकवृंद, आजही शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी दुपारी मोटेट (समूहगायनाच्या धार्मिक रचना) गातो, मात्र तो पूर्ण उपासनेचा क्रम नव्हे.

प्रवचनानंतर गीत, सूचना, दानाची पिशवी (सुटे युरो जवळ ठेवा) आणि मग मध्यस्थीची प्रार्थना: आजारी, सत्ताधारी, युद्धात सापडलेले, त्या आठवड्यात वारलेले. मृतांची नावं वाचली जातात तेव्हा उभं राहायचं.

प्रभुभोजन

आता संवाद गाण्यात जातो. "अंतःकरणं वर करा" या अर्थाची पाळकांची ओळ, मंडळीचं उत्तर, मग "पवित्र, पवित्र, पवित्र", यशयाच्या सहाव्या अध्यायातलं. त्यानंतर प्रभूचे शब्द: ज्या रात्री त्याला धरून देण्यात आलं त्या रात्री त्याने भाकर घेतली. या ओळींना सगळा भार आहे.

ल्यूथरन लोक मानतात की भाकरीत, भाकरीबरोबर आणि भाकरीखाली ख्रिस्ताचं शरीर खरोखर दिलं जातं. ते कसं, याचं तत्त्वज्ञान मांडायला ल्यूथर तयार नव्हता आणि हे नुसतं प्रतीक आहे हेही मानायला तयार नव्हता. १५२९ मध्ये मारबुर्गला स्विस सुधारक स्विंग्लीशी वाद झाला तेव्हा त्याने टेबलावर खडूने "हे माझं शरीर आहे" हे लॅटिन शब्द लिहून ठेवले होते. सुधारणावाद्यांची एकी या एका मुद्द्यावर अडली. १९७३ च्या लॉयनबर्ग करारानंतर युरोपातली बहुतेक ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड चर्चं एकमेकांच्या प्रभुभोजनाला जातात.

प्रभूची प्रार्थना सुरू होते तेव्हा अनेक गावांत मनोऱ्यातली एक घंटा वाजते. चर्चजवळ राहणाऱ्यांना रविवारी सकाळी मध्येच एकटी घंटा ऐकू येते ती हीच. घरी असलेल्यांनीही त्या क्षणी सोबत म्हणावं यासाठी. मग "जगाचे पाप हरण करणाऱ्या देवाच्या कोकऱ्या", आणि लोक उठतात.

तुम्ही काय करायचं? प्रांतिक चर्चांमध्ये बाप्तिस्मा झालेल्या कुठल्याही पंथाच्या ख्रिस्ती माणसाला बोलावणं असतं. वेदीभोवती अर्धवर्तुळात उभं राहायचं, डाव्या तळहातावर किंवा दोन्ही हात जोडून केलेल्या ओंजळीत पातळ गोल भाकर घ्यायची आणि आमेन म्हणायचं. प्याल्यातून घोट घेता येतो किंवा भाकर त्यात बुडवता येते. बऱ्याच ठिकाणी मद्याऐवजी द्राक्षांचा रस असतो, आधी जाहीर करतात. पाळक निरोपाचं वचन म्हणेपर्यंत जागेवर थांबायचं.

बाप्तिस्मा झालेला नसेल तर बसून राहणं पूर्णपणे सभ्य आहे. प्रसाद नाकारल्यासारखं मनाला लावून घेऊ नका; इथे न घेणं हा अपमान नाही, आणि न मानता घेणं हेच अवघडल्यासारखं ठरेल. पुढे जायचंच असेल तर छातीवर हात दुमडून उभे राहा, पाळक आशीर्वाद देतात. स्वतंत्र ल्यूथरन मंडळ्यांत, तसंच अमेरिकेतल्या मिझुरी सिनड या कडक ल्यूथरन संघटनेच्या चर्चांत, त्यांच्याशी विश्वासाने जोडलेल्यांनाच प्रभुभोजन मिळतं. तिथे ख्रिस्ती असलात तरी आधी पाळकांशी बोला.

शेवट

शेवटचा शब्द देवाचा असतो. बायबलच्या गणना या पुस्तकातला अहरोनाचा आशीर्वाद, "परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो", ल्यूथरने उपासनेच्या शेवटी आणला. पाळक हात उंचावतात, कधी हवेत क्रूस काढतात. उभं राहून घ्यायचा. मग ऑर्गनचा समारोप. तो संपेपर्यंत बसून ऐकतात, उठून गप्पा मारत नाहीत. दाराशी पाळक प्रत्येकाशी हस्तांदोलन करतात. नवखे आहात हे सांगा, कॉफीला थांबवतील.

जर्मनीबाहेर

हाच क्रम दुसऱ्या देशात वेगळ्या वेषात दिसतो. जर्मन पाळकांचा काळा झगा ही ल्यूथरची आज्ञा नाही. प्रशियाच्या राजाने १८११ मध्ये तो पाळकांना आणि न्यायाधीशांना लावून दिला. स्वीडनमध्ये भरजरी मिस्सावस्त्र राहिलं, डेन्मार्कमध्ये काळ्या झग्यावर चुणीदार पांढरी कॉलर. यावरून कुणी भांडत नाही, कारण माणसांनी घातलेले विधी सगळीकडे सारखे असण्याची गरज नाही असं ऑग्सबर्गच्या सातव्या कलमातच आहे.

भारतात ही परंपरा जर्मनीतल्या अनेक मराठी घरांना वाटते त्यापेक्षा जुनी आहे. त्सीगेनबाल्ग आणि प्ल्यूटशाउ हे जर्मन मिशनरी १७०६ मध्ये तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला उतरले. तिथलं न्यू जेरुसलेम चर्च १७१८ चं, आणि उपासना तमिळमध्ये. रांचीला गोस्नर मिशनचे लोक १८४५ मध्ये आले. महाराष्ट्रात मात्र अमेरिकन, स्कॉटिश आणि अँग्लिकन मिशनं रुजली, पण ल्यूथरन उपासना बघायला नागपूरकरांना सीमा ओलांडून छिंदवाड्याला जाता येईल. तिकडे स्वीडिश मिशनने चर्चं उभी केली.

दुसऱ्या खेपेला

प्रत्येक रविवारला स्वतःचं नाव आणि ठरलेलं शुभवर्तमान असतं. ते दर वर्षी तेच येतं, पण प्रवचनाचा पाठ सहा वर्षांच्या चक्रात फिरतो. सध्याची मांडणी २०१८ च्या आगमनकाळापासूनची. शनिवारी रात्री त्या रविवारचे पाठ शोधा आणि मराठी पवित्र शास्त्रातून वाचून ठेवा. गाण्यासाठी जायचं असेल तर ईस्टरनंतरचा चौथा रविवार, "कांटाटे", निवडा: त्या दिवशी मंडळी आपला सगळा गायकवृंद आणि पितळी वाद्यं बाहेर काढते.